पादरीसाहेबाचं मडकं

ये, अशी जवळ बस. अजून जवळ ये गं, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. कागदावरच बोलवून राहिले, कारण खरी तर तू येतच नाहीस. दिवाळीला आलीस तेवढीच. फोनवर 'हं आजी, हं आजी' करतीस आणि माझं बोलणं अर्ध्यावर असताना ठेवून देतीस. परवा तर कमालच केलीस. म्हणालीस, "आजी, तू एकदा सांगून टाक ना पप्पांना, मत कुणाला दिलं ते. एक शब्द तर आहे!"

एक शब्द! पोरी, तू नांदेडला नर्सिंग शिकतीस. सुईत औषध एक रेघ जास्त झालं तर काय होतं, हे तुला मी सांगायचं का? मग शब्दाचं माप तुला काहून कळत नाही?

तुझ्या बापानं तुला त्याची बाजू सांगितली असंल. माझी ऐक. आज वीस-बावीस दिवस झाले, तुझा बाप शेतातल्या आखाड्यावर, त्या झोपडीतच, राहून राहिला. तुझी आई वारंग्याकडं तिच्या माहेरी जाऊन बसली. आणि मी एकटी या घरात दोन खोल्या झाडते, अर्धी भाकरी टाकते, ती पण कोरड्यास नसल्यावानी घशाखाली उतरत नाही. हे सगळं एका मतावरून झालं. पण ही गोष्ट तुझ्या बापाच्या निवडणुकीपासून सुरू होत नाही. ती माझ्या आजोबापासून आणि एका गोऱ्या पादऱ्यापासून सुरू होते. म्हणून बस, घाई करू नको.

माझं माहेर कनेरगाव नाक्याकडचं, हे तुला ठाऊक आहे. हिंगोलीला गोऱ्यांची छावणी होती. छावणी उठली तरी हा पादरी तिकडं येत-जात राहिला. राज्य निझामाचं, पण गोऱ्या माणसाला अडवायची छाती कुणाची? माझे आजोबा त्याचे मुन्शी होते. चार बुकं शिकलेला गावात तोच एक माणूस. पादरीसाहेब पुस्तकातलं मराठी बोलायचा, तेही पुण्याच्या पुस्तकातलं. कुत्र्याला पण 'आपण बाजूस व्हावे' म्हणायचा, असं माझी आजी सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

तर हा पहिल्यांदा गावात आला, पाराखाली उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मी आपले मत घेण्यास आलो आहे."

त्याला म्हणायचं होतं, तुम्हाला काय वाटतं ते विचारायला आलो. शाळा काढावी का, कुठं काढावी, एवढंच. पण आपल्याकडं मत म्हणजे धर्म पण. अमका अमक्या मताचा, तमका तमक्या मताचा, असं म्हणत होतेच की लोक. गावानं ऐकलं की गोरा मत घ्यायला आला, म्हणजे बाटवायला आला. घडीभरात पार रिकामा! बायांनी लेकरं कणगीत लपवली. एका म्हातारीनं तर देव्हारा उचलून ओढ्याकडं पळ काढला.

आजोबांनी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाराखाली गेला. या वेळी मोजके चार जण आले, तेही दूर उभे. म्हणाला, "मी मत घेणार नाही. मत विचारीन. मत ज्याचे त्याचे." आजोबा म्हणायचे, त्या माणसाची सगळी पोथी त्या एका वाक्यात होती. पुढं बारा वर्षं त्यानं दुसरं काही सांगितलंच नाही. देव निवडायचा तो ज्याचा त्यानं, पंच निवडायचा तो ज्याचा त्यानं, आणि दोन्ही ठिकाणी तिसऱ्या माणसानं मान वाकडी करून बघायचं नाही.

आता मडक्याचं सांगते. शाळा निघाली, तर तिच्या विहिरीवर राखण ठेवायची का नाही यावरून गावात भांडण लागलं. पादऱ्यानं दारावर घोंगडी टांगली, आत एक मडकं ठेवलं. प्रत्येकाच्या हातात एक ज्वारीचा दाणा आणि एक तुरीचा. हो म्हणायचं तर ज्वारी टाका, नाही म्हणायचं तर तूर. उरलेला दाणा तिथंच कोंबड्यांना टाकून बाहेर या. बाया आधी, बाप्ये मागून. घोंगडीच्या आत एका वेळी एकच माणूस, मग तो पाटील असो की पाटलाचा गडी. लोकांना आधी तो खेळ वाटला. पण गंमत अशी, बायांना तो लवकर कळला. घरात ज्याला तोंड उघडायची सोय नसती, त्याला मडकं बराबर कळतं. तांड्यावरचे लोक पण आपल्या भांडणाला 'पादऱ्याचं मडकं' मागायला यायला लागले.

एकदा माझ्या आजीनंच त्याला कोंडीत पकडलं. तो ओसरीवर चहा पीत होता. आजी आतून म्हणाली, "सायब, एक इचारू? हे निझामाचं राज आमी कवा निवडलं? आन तुमच्या राणीचं का राजाचं, ते तिकडं कोणाच्या मडक्यात पडलं?"

आजोबांचा जीव वर गेला. साहेबाचं तोंड लाल झालं. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, त्याचे उत्तर मजकडे नाही." आजी म्हणायची, एवढ्या मोठ्या गोऱ्या माणसानं 'उत्तर नाही' म्हटलं, त्या दिवशी मला तो खरा वाटला. आजोबांनी मात्र तो सवाल धरून ठेवला. पुढं निझामाचं राज जायच्या दिवसात ते लपून कागद वाटायचे, ते या सवालापायी. पादऱ्याला तेवढं वाटलं नसंल. त्यानं दाणे टाकायला शिकवले, आणि लोकांनी राज्यावरच तूर टाकली.

पण आजोबांचं खरं दुःख वेगळं होतं. त्यांना पादऱ्याचं मत घ्यायचं होतं. धर्म म्हणून. मनापासून. पादऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपण मातुःश्रींस विचारले काय? पत्नीस?" आजोबा म्हणाले, बायकांना काय विचारायचं, मी कर्ता आहे. झालं! घोंगडी टांगली. आई, बायको, विधवा भावजय आणि आजोबा स्वतः. चार दाणे. तीन ज्वारी निघाल्या, एक तूर.

पादरी म्हणाला, नाही. घर फोडून मी माणूस घेणार नाही.

आजोबा त्या दिवशी रडले. कर्ता पुरुष, मुन्शी, सगळ्यांदेखत. त्या माणसानं बारा वर्षांत इकडं एकालाही बाप्तिस्म्याचं पाणी दिलं नाही, म्हणून त्याच्या वरच्या साहेबांनी त्याला उचलून कुठं लांब पाठवलं. बैलगाडीत बसून गेला. आणि आजोबांनी मरेपर्यंत कधी विचारलं नाही की ती तूर कुणाची. आईला नाही, भावजयीला नाही, आजीला नाही. मी लहान होते, अगोचर होते. एकदा आजीला शेंगा फोडता फोडता विचारलं, "तूर तुझी व्हती का गं?" आजीनं माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, "दाणा मडक्यात पडला की मडक्याचा झाला. त्याला पुन्हा आईबाप नसतात."

मला अक्षर आजोबांनी शिकवलं, शाळा नाहीच. पहिलं मतदान आलं तेव्हाचंही ते सांगायचे. यादी लिहिणारा गावात आला आणि बायांच्या नावापुढं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहून राहिला. बाया पण लाजून तेच सांगत होत्या. आजोबा त्याच्या बाजूला बसले आणि प्रत्येकीला म्हणाले, तुझं नाव तू सांग, नवऱ्याचं नको. त्या मुन्श्याच्या जिद्दीपायी आमच्या गावातल्या बाया स्वतःच्या नावानं यादीत गेल्या.

हे सगळं डोक्यात घेऊन मी या गावात नांदायला आले. तुझ्या आज्याच्या आईनं पहिल्याच निवडणुकीला विचारलं, "काहो सूनबाई, शिक्का कुठं मारला?" मी म्हणाले, "मत ज्याचं त्याचं, आत्याबाई." ती म्हणाली, "बाई बाई, ही तर पादरीण आली घरात!" तेव्हापासून गल्लीत माझं नाव पादरीण. मी कधी देऊळ बघितलं नाही त्या लोकांचं. खंडोबाची तळी भरते, पोळ्याला बैल ओवाळते. पण पादरीण. निवडणूक आली की गल्लीतल्या बाया माझ्या ओसरीवर येतात. कुणाला द्यावं हे विचारायला नाही येत. येतात आणि म्हणतात, "मालक विचारले तर काय सांगू?" मी म्हणते, "पादरिणीनं शपथ घातली म्हणून सांग." तेवढ्यावर त्या सुटतात. हसण्यावारी जातं. अशी एवढी वर्षं गेली.

आता यंदाचं. तुझा बाप पंचायतीला उभा राहिला आपल्या वॉर्डातून. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आपल्या भावकीनं ठरवलं की सगळ्यांनी बेलभंडार उचलायचा. तुझ्या लहानपणी हे नव्हतं, म्हणून सांगते. ताटात बेलाची पानं आणि भंडारा घेऊन भावकीतले चार जाणते घरोघर फिरले. प्रत्येकानं बेल उचलून देवाच्या नावानं म्हणायचं, मत आपल्या माणसाला देईन. आमच्या दारातही ताट आलं. तुझा बाप बाजूला उभा होता, कोरं धोतर नेसलेल्या नवरदेवावानी.

मी म्हणाले, "मी उचलणार न्हाई."

"माय, सवताच्या पोरासाठी?"

"सवताच्या पोरासाठी बी न्हाई. मत मागायला आलास तर मागून जा. बांधून न्यायचं न्हाई."

भावकीतला थोरला हसला. "राहू द्या हो, पादरीण हाय ती. सूनबाई, तुमी उचला." तुझी आई माझ्या मागं उभी होती. तिनं हात पदरात घेतले. म्हणाली, "आत्याबाई न्हाई म्हणल्या, तर मी बी न्हाई." बस. एवढंच. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला! आज तोच अभिमान छातीत काट्यावानी रुतून राहिला.

मतमोजणी झाली. तुझा बाप एका मतानं पडला.

भावकीनं बोटावर नावं मोजली होती. त्यांच्या मोजणीनं तो एका मतानं निवडून यायचा. म्हणजे एकच मत इकडचं तिकडं गेलं. आणि बेल न उचललेल्या दोनच बाया, त्या उमेदवाराच्याच घरात. मी म्हणाले, अरे, बेल उचलून खोटं बोलणारे का कमी हाईत? तर तुझा बाप म्हणाला, "माय, देवाचा बेल उचलून कोण खोटं बोलंल?" भोळा आहे गं तो. चांगल्या माणसाचा भोळेपणा फार तकलीफ देतो.

नाक्यावर टिंगल सुरू झाली. "ज्याच्या घरचंच बटन दबंना, त्याला गाव काय दाबणार!" तुझ्या बापानं दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईला विचारलं. ती काही बोलली नाही. मला विचारलं. मी पण नाही. तो ओरडला नाही, हात उचलला नाही, ते मी शपथेवर सांगते. नुसता म्हणाला, "सांगशील तवा ये," आणि तिला माहेरच्या गाडीत बसवून दिली. मग स्वतः आखाड्यावर गेला.

आता तू म्हणतीस, सांगून टाक. बघ बरं हिशेब. मी त्याला म्हणाले की माझं मत तुलाच, तर बोट सरळ तुझ्या आईकडं गेलं. मी म्हणाले की माझं तुला नव्हतं, तर मग मी पोटच्या पोराला पाडलं. मधली वाट नाही. मला तुझ्या आईचं मत ठाऊक नाही, आणि मला ते ठाऊक करून घ्यायचं नाही. माझं मत मी तुलाही सांगणार नाही, रुसलीस तरी.

पण मी तुझ्या कल्पनेएवढी पक्की नाही. मागच्या आठवड्यात दुपारी मी भाकरी बांधून आखाड्यावर गेले. वाटेत ठरवलं होतं, सगळं आपल्या डोक्यावर घेऊन मोकळं व्हायचं. तुझा बाप सोयाबीनच्या पोत्यावर बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठला नाही.

मी म्हणाले, "ऐक. मीच न्हाई दिलं तुला मत. तिचा काही संबंध न्हाई. घेऊन ये तिला."

तो उठला, बांधावरच्या बेलाच्या झाडाचं पान तोडलं आणि माझ्या पुढ्यात धरलं. "उचल मंग. उचल आन म्हण."

मी हात पुढं केला. पानाला हात लागला. आणि माय, माझ्या तोंडातून शब्द निघंना. सत्तर वर्षं जे नाही केलं, ते करता येईना. कुणाच्या भीतीनं? देवाच्या? त्या गोऱ्याच्या? ठाऊक नाही. हात तसाच खाली आला.

तुझा बाप हळूच म्हणाला, "कळालं मला."

काय कळलं त्याला? त्याला कळलं की मी खोटं बोलून सुनेला वाचवून राहिले. मी गेले होते तिला सोडवायला, आणि मीच तिच्या गळ्यात दोर अडकवून आले. भाकरी तशीच राहिली.

तेवढ्यावर भागलं नाही. दोन दिवसांनी शेजारची सून भिंतीआडून रडत आली. म्हणाली, "पादरिणबाई, आमचे मालक म्हणून राहिले, म्हातारी सवता आखाड्यावर जाऊन बोलली, मंग तू काहून न्हाई बोलत? आता मी कोणाचं नाव सांगून सुटू?" मी तिला काय सांगू? एवढी वर्षं माझ्या नावाची घोंगडी गल्लीच्या दारावर टांगलेली होती. ती मीच ओढून काढली.

मग दोन गाड्या बदलून तुझ्या आईकडं गेले, माफी मागायला. ती अंगणात हरभरा निवडत होती. मला पाणी दिलं, पाया पडली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी काहून बोलल्या, आत्याबाई? मी तोंड दाबून बसले होते ते कोणाच्या भरवशावर?" आणि पुन्हा हरभरा निवडायला लागली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत मला त्या पादऱ्याचा असा राग आला! आयुष्यात पहिल्यांदा आला. म्हटलं, बाबा, तू दाणे वाटलेस आणि गाडीत बसून गेलास. तुला या गावात सून नव्हती, लेक नव्हता, भावकी नव्हती. मत ज्याचं त्याचं म्हणायला तुझं काय जात होतं? तुझा शब्द आमच्या चुलीपाशी राहिला, आणि चुलीपाशी माणसाला एकमेकांच्या तोंडाकडं बघून जेवावं लागतं. मग वाटलं, त्याचंही काही गेलंच की. ज्या कामाला सात समुद्र ओलांडून आला, ते काम एका तुरीपायी सोडून गेला. राग धरू कुणावर? मला तर रागही पुरता धरता येईना.

आता पुढचं नीट ऐक. येत्या जवळ्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजार उठला की भावकी मारुतीच्या देवळात बसणार आहे. तुझ्या आईला बोलावणं गेलं. तिनं सगळ्यांपुढं बेल उचलून सांगावं की मत नवऱ्यालाच दिलं. मग घर उघडं. नाही उचलला तर तिनं माहेरीच राहावं, असं तुझ्या बापाच्या तोंडून वदवून घेतलं त्यांनी. तुझ्या आईचा निरोप आला. ती येणार आहे. आणि ती उचलणार नाही.

मी ठरवलं आहे की त्या दिवशी देवळाच्या पायरीवर तिच्या बाजूला जाऊन बसायचं. बोलायचं काही नाही. बोलून मी काय केलं ते बघितलं. नुसतं बसायचं. पण माझे गुडघे मला ठाऊक आहेत, आणि माझं मन पण आता ठाऊक झालं. तुझा बाप समोर रडका झाला तर मी पुन्हा काहीतरी बोलून बसेन. मला माझीच भीती वाटून राहिली, पोरी. रात्रंदिवस तोंडात दात आवळून हिंडते.

म्हणून म्हणते, तू ये. बापाला समजावायला नको, आईला विचारायला नको, माझी बाजू घ्यायला पण नको. तू घरात असलीस की तुझा बाप आखाड्यावरून येतो, ते मी दिवाळीला बघितलं. तुझ्या ताटात आधी वाढतो आणि मग स्वतः बसतो. एक घास पोटात गेला की माणूस भावकीचं कमी ऐकतो. परीक्षा असंल तर एक दिवसाची सुट्टी माग, म्हण आजी आजारी आहे. ते काही खोटं नाही. वसमतवरून सकाळची गाडी धर, फाट्यावर मी कुणाला तरी पाठवते. उशीर करू नको. बाजाराच्या आधी ये गं, माय. लवकर ये.